अर्धा श्रेयांक

चोवीस लागतात.
चोवीस श्रेयांक झाले की टोपी, फोटो,
बेबिंकाचा एक तुकडा आणि फाटकाबाहेर.
भाषांचे सहा, गणिताचे चार, विज्ञानाचे चार,
बाकीचे इकडचे तिकडचे.
एकोणीस वर्षं मी ही बेरीज करते आहे
वाळपईजवळच्या या निवासी शाळेत.
खिडकीशी टेबल, टेबलावर रबरी शिक्का.
मुलं येतात तेव्हा ट्रंकेला कुलूप असतं,
जातात तेव्हा किल्ली हरवलेली असते.
त्याला रकाना नाही.

यंदा दामोदर गावस, चरावण्याचा.
साडेतेवीस.
अर्धा गेला शारीरिक शिक्षणात.
एप्रिलात तीन आठवडे गैरहजर, परतला तो
घोट्यांपर्यंत काळा होऊन.

"होतास कुठे?"
"बोंडू तुडवत."
"किती वेळ?"
त्याने पंख्याकडे बघून हिशेब केला.
"रोजचे तीनेक तास. बाबांचा गुडघा गेलाय.
कुंडीत दुसरं कोण उतरणार?"

मी नियमावली काढली.
कलम अकरा, पोटकलम ई:
शाळेबाहेरचा, देखरेखीखाली केलेला, श्रमाचा उपक्रम,
किमान चाळीस तास, पालकांच्या सहीनिशी.
श्रम होते. तास साठाच्या वर होते.
देखरेख तर होतीच, बाप खाटेवरून ओरडत होता.
अडचण एवढीच,
की त्या रसाचं पुढे काय होतं
हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी लिहिलं: फळप्रक्रिया.
खोडलं.
लिहिलं: पायांच्या स्नायूंचा लयबद्ध व्यायाम.
तो हसला. "लय कसली बाई, नुसतं घसरतं.
आणि गांधीलमाश्या."

प्राचार्या मास्कारेन्यस यांनी अर्ज वाचला,
चष्मा काढला, पुसला, परत वाचला.
आता भाटीचा विषय निघणार, म्हणून मी
पायाच्या अंगठ्याने फरशीवर शून्य काढत उभी.
त्या म्हणाल्या, "श्रेयांक हवा तर परीक्षा हवी.
दाखव."

आणि दामोदरने बूट काढले.
मोजे बुटात कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली,
दोन्ही हात कमरेवर ठेवले
आणि प्राचार्यांच्या कोरड्या, फिनेलच्या वासाच्या फरशीवर
काहीच नसलेलं तुडवायला लागला.

आधी लाजत.
मग टाच, मग चवडा, मग अंग जरा तिरपं,
कडेला सरकलेलं पायाने मध्ये ओढून पुन्हा टाच.
पेपरवेट थरथरलं.
कपाटातल्या चषकांनी एकमेकांना हळूच धक्के दिले.
दारात कायतान शिपाई चहाचा ट्रे घेऊन थांबला,
चहावर साय धरली तरी आत येईना.
मी घड्याळ लावलं होतं, बघायची विसरले.
मध्येच त्याने मानेवरून हात फिरवला,
तिथे नसलेली माशी हाकलायला.

"पुरे," बाई म्हणाल्या.
तो आणखी चार पावलं तुडवून थांबला.
एकदम थांबता येत नाही म्हणाला,
रस खाली बसत नाही.

बाईंनी सही केली. शेरा: समाधानकारक.
त्याहून वरचा शेरा त्यांनी एकोणीस वर्षांत
कुणालाच दिलेला नाही.

फॉर्म आता माझ्यापुढे आहे.
बापाच्या सहीशेजारी त्याचा अंगठाही उमटलाय,
कुणी मागितला नव्हता, तो डाग आहे.
बोंडूचा डाग. साबणाने जात नाही,
लिंबाने जात नाही,
आई म्हणायची, पुढच्या हंगामाला आपोआप जातो,
तोवर पुढचा पडतो.
शिक्क्याला जागा तेवढीच होती,
तर त्याच्यावरच मारला.
श्रेय कुणाचं, हे फॉर्मवर विचारलेलं नाही.

एकूण चोवीस.
दोनदा तपासले.
बेरीज करणारीचं बीजगणित
अजून राहिलेलं आहे.